कालिया मर्दन, साथीला ट्रक

‘मूकपट’ हा शब्द ज्यानं काढला, तो थेटरात कधी बसला नसावा. पडद्यावरचा राजा मुका. पण पडद्यापुढं पेटी-तबल्याचा संसार मांडलेला, मागं यंत्राची खरखर, आणि अक्षरओळख असलेला एखादा प्रेक्षक पाट्या मोठ्यानं वाचून शेजाऱ्यांवर उपकार करतोय. मुका होता तो फक्त चित्रपट!

पेटीवाला समोरचं चित्र बघून सुचेल ते वाजवी. घोडा धावला की दुगुन, राणी रडली की विलंबित. हल्ली काही मंडळी जुन्या मूकपटांपुढं बसून हेच काम गिटार आणि सिंथेसायझरवर करतात, आणि त्याला ‘प्रायोगिक’ म्हणतात. आमची ना नाही. पण वाणिज्य शाखेच्या माणसाला एवढं कळतं, की खातं जुनं असेल तर नुसतं पासबुक नवं करून भागत नाही. आधी शिल्लक बघावी लागते.

शिल्लक थोडीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी आमच्या नाशकात काढलेले बहुतेक चित्रपट काळानं गिळले. वाचलेल्यांत १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आहे. त्यात कृष्ण झालीय दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी ती नुसत्या चेहऱ्यानं एकामागून एक भाव दाखवते. तिथं कुणी झांजा बडवल्या, तर भाव उतरलाच म्हणून समजा.

प्रयोगाला आम्हीही भीत नाही. आमचं घर द्वारका चौकापासून हाकेच्या, म्हणजे आता हॉर्नच्या, अंतरावर. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता इथं भेटतात, आणि भेटल्याचा आनंद लपवत नाहीत. एका रविवारी खिडक्या सताड उघडून ‘कालिया मर्दन’ लावला. कृष्णानं यमुनेत उडी घेतली आणि नेमका एका ट्रकनं असा षड्ज लावला, की आमच्या सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता “वाहवा!” म्हटलं. पण पुढं काठावर आकांत चालला तरी तोच ट्रक, तोच जोर. दोष ट्रकचा नाही. त्याला पडदा दिसत नव्हता. पडद्यासमोर बसूनही जो बघत नाही, त्या कलावंताचं काय करायचं बोला!

आयत्या वेळी सुचलेलं वाईट नसतं. १९५५ च्या ‘पथेर पांचाली’चं संगीत पंडित रविशंकरांनी एकाच लांबलचक बैठकीत केलं. १९५७ साली पॅरिसमध्ये माइल्स डेव्हिसनं लुई मालच्या चित्रपटातले प्रसंग बघत बघत एका रात्रीत ट्रंपेट वाजवला. दोघांनीही आधी चित्र पाहिलं, मग वाद्य उचललं. आपल्याकडं याला ‘साथ’ म्हणतात. कधी गप्प बसायचं, हे तिच्यातलं अर्धं शिक्षण.

१९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि पडद्यापुढच्या पेटीवाल्याची खुर्ची डळमळली. पण पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले कोण? नामांकित पेटीवादक गोविंदराव टेंबे! संगीतही त्यांचंच. म्हणजे पेटी उठली, ती थेट सिंहासनावर जाऊन बसली. गोष्टीप्रमाणं राज्य तिथंही गेलंच, पण सूर सुटला नाही.