पानिपत: शेवटच्या दिवसाच्या अलीकडे

परीक्षेत दांडी उडाली की आपण 'पानिपत झालं' म्हणतो. कुणी शब्द फिरवला की 'विश्वास पानिपतातच गेला'. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचा पराभव आपल्या रोजच्या बोलण्यात असा मुरलाय. गोची एकच आहे: या वाक्प्रचारांना फक्त शेवटचा दिवस आठवतो. १४ जानेवारी १७६१. त्याआधीचे दहा महिने गायब.

माझ्या कामात सर्व्हर बंद पडला की सगळे आधी लॉगमधली शेवटची ओळ बघतात. तो कुठे पडला हे त्या ओळीत कळतं. का पडला, ते बहुतेकदा शेकडो ओळी वर असतं. पानिपतावरचं मराठी लेखन मी याच सवयीने वाचतो. प्रत्येक पुस्तकाला माझा एकच प्रश्न असतो: तू किती वर जातोस?

'भाऊसाहेबांची बखर' माणसांच्या स्वभावापर्यंत जाते. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट सांगतात, जड सामान आणि बायकामुलं मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा. भाऊ तो सल्ला झिडकारतात, आणि तिथेच पराभवाची बीजं पडतात. गोष्ट म्हणून हे जबरदस्त आहे. संवाद असे खटकेबाज, की आजचा पटकथाकार हेवा करील. पण एका माणसाच्या हट्टाने एवढी मोठी फौज बुडते, हे उत्तर जरा जास्तच सोयीचं आहे.

विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) हा हिशेब उलटा करते. इथे भाऊ खलनायक नाहीत, शोकनायक आहेत. माझ्या पिढीतल्या अनेकांना इतिहासाची गोडी याच कादंबरीने लावली, आणि तिच्यातली छावणीची उपासमार वाचून अंगावर काटा येतो. माझी तक्रार एवढीच, की दोष पुसला तरी कारण पुन्हा माणसातच शोधलं जातं. बखरीत भाऊंमुळे हरलो, इथे इतरांनी भाऊंना साथ दिली नाही म्हणून. २०१९चा हिंदी सिनेमा याच वाटेने आणखी पुढे गेला. सूरजमलच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शनं झाली आणि काही दृश्यं कापावी लागली. गंमत अशी, की लढाईनंतर जीव घेऊन पळालेल्या मराठ्यांना अन्न आणि आसरा मिळाला तो याच सूरजमलच्या राज्यात.

या सगळ्यांत मला त्र्यं. शं. शेजवलकर जवळचे वाटतात. तेही भाऊंची बाजू घेतातच, पण आधी नकाशा उघडतात. नकाशा समोर ठेवला की मोहीम वेगळी दिसते. मार्च १७६०मध्ये फौज निघते. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती येते, पण खजिना रिकामा. लष्कराचा खर्च भागवायला दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवावं लागतं. यमुनेला पूर, पलीकडे अब्दाली. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा पडतं, धान्य मिळतं, विजयाचा आनंद होतो. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ नदी ओलांडतो आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता बंद होतो. डिसेंबरमध्ये रसदीची मदार असलेले गोविंदपंत बुंदेले मारले जातात. त्यानंतर छावणीकडे दोनच पर्याय उरतात: उपाशी मरणं किंवा बाहेर पडून लढणं.

या साखळीत कुणाचा एकट्याचा हट्ट नाही की फितुरी नाही. वर्षानुवर्षं चौथाईपुरताच ज्या मुलखाशी संबंध ठेवला, तिथे ऐनवेळी मित्र आणि धान्य कुठून येणार? आणि आज फॉरवर्ड होणारी 'हिंदू विरुद्ध मुसलमान' ही सोपी आवृत्तीही इथे टिकत नाही. मराठ्यांचा तोफखाना आणि गारदी पायदळ इब्राहिमखानाच्या हाताखाली होतं. तो शेवटपर्यंत लढला आणि पकडल्यावर मारला गेला.

गेल्या वर्षी दिल्लीला कामासाठी गेलो, तेव्हा एक रविवार काढून काला अंब पाहिलं. पानिपत शहराबाहेर बाग आहे, मधोमध स्तंभ. रक्ताने आंब्याचं झाड काळं पडलं, अशी आख्यायिका. भाऊ इथेच पडले, अशी श्रद्धा. झाड कधीच गेलं. आजचं पानिपत ब्लँकेटांचं, तेलशुद्धीकरणाचं गाव; परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचं इथे सूत होतं. हरियाणातले रोड समाजाचे अनेक लोक स्वतःला त्या फौजेतून मागे राहिलेल्यांचे वंशज मानतात, आणि संक्रांतीला महाराष्ट्रातून माणसं येतात.

स्मारक म्हणून काला अंब आपल्या पुस्तकांसारखंच आहे: एक जागा, एक दिवस, एक माणूस. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसं जास्त होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. यात्रेकरू, व्यापारी, बायका, मुलं. नेत्यांच्या निर्णयांची सर्वांत मोठी किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांच्या नावाचा स्तंभ नाही, कादंबरीही नाही.

तशी कादंबरी कुणी लिहिली, तर तिची सुरुवात लढाईच्या सकाळी होऊ नये. ती कुंजपुऱ्याच्या धान्यकोठारापाशी व्हावी, जिथे सगळे पोटभर जेवले आणि मागची वाट बंद होत होती.