ईयोबाचे मित्र आणि आपले दुःख

ख्रिस्ती धर्मविचार आणि मानसशास्त्र यांची सांगड घालून समुपदेशन करावे, असा विचार गेली शंभर वर्षे मांडला जातो. अमेरिकेत अँटन बॉयसेन या धर्मोपदेशकाने १९२५ साली वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली. तो स्वतः मनोरुग्ण म्हणून इस्पितळात राहिलेला होता. धर्मग्रंथ वाचावा तसा दुःखी माणूस वाचावा, हा त्याचा आग्रह. विचार मोलाचा आहे. पण वाचणाऱ्याची नजर कोणाची, हा प्रश्न उरतोच.

अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यातला, घरातला पहिलाच शिकणारा मुलगा घ्या. जातीवरून अपमान झाला, झोप उडाली, वर्गात येईनासा झाला. धर्मोपदेशक म्हणेल, क्षमा कर. मानसशास्त्रज्ञ म्हणेल, तुला न्यूनगंड आहे. दोघांची बेरीज केली तरी दोष मुलाच्याच पदरात! अपमान करणारा मात्र मोकळाच राहतो.

याची टीका बायबलातच आहे. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तेच त्यांचे खरे समुपदेशन. तोंड उघडताच ते त्याचे पाप शोधू लागले. देवाने शेवटी ईयोबालाही सुनावले. पण खरे बोलला तो ईयोबच, मित्र नव्हेत, असा निवाडा दिला.

अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोरला जी दलित ख्रिस्ती धर्मविचाराची मांडणी सुरू केली, तिचे महत्त्व इथे कळते. ज्ञानाची सुरुवात वेदनेतून होते, असे ते मानत. म्हणजे वेदना हा निव्वळ विकार नव्हे. ती व्यवस्थेविरुद्धची साक्ष आहे. मात्र इथे धोकाही आहे. आपली वेदना क्रूसाशी जोडली की सोसणेच पवित्र ठरू शकते, आणि मग विद्रोह पाप ठरतो. बाबासाहेबांनी दुःखाचे कारण समाजरचनेत शोधायला शिकवले, हे विसरून चालणार नाही.

मानसशास्त्राला सरसकट नकार देऊनही भागणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. ऐकणारा जवळचा असला की माणूस बोलतो.

तेव्हा सांगड जरूर घालावी. कसोटी एकच: तो मुलगा बाहेर पडताना मान खाली घालून शांत झाला आहे, की मान वर करून तक्रार लिहायला निघाला आहे?