उघड्यावरचें चित्र

फाल्गुनांत चिमूरच्या रानांत पळसासमोर घटकाभर उभें राहिलें म्हणजे कळतें, कीं रंग केवळ वस्तूचा नसतो. तो घटकेचाही असतो. पहांटे काळवंडलेला तोच मोहर दिवस वर येतांच पेटलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकांतील निसर्गचित्रकारांपुढें हीच अडचण होती. व्हालांसिएन ह्या फ्रेंच चित्रकारानें १८०० सालच्या आपल्या ग्रंथांत बजाविलें, कीं उघड्यावरील अभ्यासास फार तर दोन तास द्यावे. सूर्योदयास वा सूर्यास्तास अर्धा तासच. इंग्लंडांत कॉन्स्टेबलनें १८२१-२२ सालीं हॅम्पस्टेड येथें कागदावर तैलरंगांनीं मेघ रेखाटले व कित्येकांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वारा टिपून ठेविला. त्या काळीं रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत न्यावा लागे; जॉन रँडनें कथलाच्या नळीचें पेटंट घेतलें तें १८४१ सालीं.

हे तुकडे बहुधा प्रदर्शनासाठीं नव्हते. आज मात्र ते संग्रहालयांत टांगले जातात, आणि पुरे केलेल्या चित्राहून हेच श्रेष्ठ, असें म्हणणारे रसिक भेटतात. हें मत आम्हांस अर्धेंच मान्य आहे. कॉन्स्टेबलचें ‘द हे वेन’ (१८२१) लंडनच्या चित्रशाळेंत रंगलें. पण सफोकमध्यें केलेल्या लहान अभ्यासांवांचून तें उभें राहतें ना. अभ्यास साक्ष देतो, चित्र निवाडा करतें. साक्षीवांचून निवाडा पोकळ. निवाड्यावांचून साक्ष अपुरी.

आपल्याकडे ही निष्ठा आबालाल रहिमान ह्यांचे ठायीं दिसते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून ते कोल्हापुरास परतले, आणि कोटितीर्थाचा परिसर त्यांनीं पुनः पुनः रंगविला. त्यांचें माध्यम नेहमींच तैलरंग नव्हतें. पण एकाच पाण्याकडे वारंवार जाण्याची वृत्ति तीच. १९३१ सालीं ते निवर्तले.

ह्या उलट, बंद खोलींत छायाचित्रावरून काढलेलीं आमच्या रानांचीं चित्रें पाहावीं: साग, मोह, बांबू सारे एकाच हिरव्यांत बुडालेले! लेखकांनींही हंसूं नये. न पाहिलेल्या अरण्याचीं वर्णनें आमच्या मासिकांतूनही थोडीं नाहींत. अर्धा तास उन्हांत उभें राहण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें निसर्गावर बोलूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.