चौघांपैकी कोण?

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातलं साखरा घ्या. पहाटेच्या अंधारात पोलीस भरतीची तयारी करणारी पाच पोरं रोज रस्त्यावर धावतात. एके दिवशी चारच दिसतात. पाचवा सोयाबीनच्या रानातल्या विहिरीत सापडतो. गोष्ट अर्थात कल्पनेतली. पण ती लिहिली तर वाचकाला एकच प्रश्न छळेल: चौघांपैकी कोण? या प्रश्नावर इंग्रजीत सोळा-अठरा वर्षांच्या वाचकांसाठी कपाटंच्या कपाटं भरली आहेत. कॅरेन मॅकमॅनस यांच्या २०१७च्या कादंबरीचं नावच 'वन ऑफ अस इज लाइंग'. मराठीतलं तसं एखादं सांगा म्हटलं, तर मी डोकं खाजवत बसेन.

रहस्यकथेचं वावडं आपल्याला कधीच नव्हतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली आणि लोकांनी ती फाटेस्तोवर वाचली. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे उभा केला. वीस पुस्तकं, आणि आजही ताजी. पण बनेशच्या जगात गुन्हेगार नेहमी बाहेरून येतो. सोबत्यांवर संशय घ्यावा असं ना त्याला वाटतं, ना आपल्याला. २०१७च्या चित्रपटात आदित्य सरपोतदारांनी त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसवलं आणि गोष्टीत खून आणला. हे धाडस मला आवडलं. तरी मरतो तो नुकता ओळखीचा झालेला मुलगा, आणि सूत्रं हलवतो परीक्षा-घोटाळ्यातला आप्पा. गिरीश कुलकर्णींनी तो झकास उभा केला आहे, पण आहे परकाच. मैत्रीच्या अंगाला ओरखडा उठत नाही.

या सगळ्यात मला सर्वात चटका लावतात ते सुहास शिरवळकर. दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास अशी रहस्यकथांची फौज त्यांच्यापाशी होती. १९८२च्या 'दुनियादारी'त त्यांनी पुण्यातल्या कॉलेजचा कट्टा असा रंगवला, की पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्यात आपली गँग शोधली. एकाच माणसाच्या टेबलावर खूनही होता आणि कट्टाही. दोन्ही एका पुस्तकात आल्याचं मात्र मला आढळलं नाही. कट्ट्यावरचा दोस्त म्हणजे आपल्याकडे जवळपास देव्हाऱ्यातली वस्तू. त्याच्या खिशात रक्ताचा डाग लिहायला हात धजत नाही.

वास्तवाला हा संकोच नव्हता. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. करणारे अभिनव कला महाविद्यालयातले मित्र, पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. कोर्टात उलटला तोही त्यांच्यातलाच एक. २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात जक्कल, सुतार, जगताप आणि शहा फासावर गेले. यावर 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला. त्यावरच सैलसर बेतलेला अनुराग कश्यपचा 'पाँच' वर्षानुवर्षं अडकून पडला. या प्रकरणातला माझ्या मते खरा ऐवज माफीचा साक्षीदार होण्यातच आहे. मित्राला कधी सोडायचं, हे त्या वयात ठरवणं. तो ऐवज त्याच वयाच्या वाचकासाठी कुणी कादंबरीत उतरवल्याचं मला तरी भेटलेलं नाही. आपण त्या प्रकरणातून थरकाप तेवढा उचलला.

मराठवाड्याच्या वाट्याला तर वेगळंच आलं. हिंगोली १९९९पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, आणि त्याच जुन्या परभणीतलं मानवत. तिथल्या सत्तरच्या दशकातल्या खुनांवर २०२४मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. ती नेटकी आहे, पण चाल ठरलेली: इकडे गुप्तधन नि अंधश्रद्धा, आणि उलगडा करायला मुंबईचा साहेब. इथल्या पोरांनी स्वतः डोकं चालवल्याची गोष्ट पडद्यावर कधी येणार, कोण जाणे.

पण साखऱ्यासारख्या गावात ही कथा रचणं अवघडही आहे, ते कबूल करायला हवं. बंगला, वादळ, तुटलेली वाट हा अगाथा ख्रिस्तीचा साचा इथे टिकत नाही. गावात कुणी एकटं नसतं. पारावर बसलेल्याला कुणाची गाडी किती वाजता वेशीतून गेली ते माहीत असतं. हळद शिजवायला रात्रभर जागणाऱ्यांनी अर्धं गाव पाहिलेलं असतं. म्हणजे इथलं रहस्य 'कुणालाच ठाऊक नाही' या जातीचं नाही. ठाऊक सगळ्यांना आहे, बोलत कुणी नाही. लेखकाला पुरावा शोधायचा नसतो, तोंडं उघडायची असतात. आणि ते काम भिंगाने होत नाही. त्यासाठी चौघांची भांडणं हवीत, भरतीच्या यादीत एकाचंच नाव लागल्याची जळजळ हवी, कुणाच्या बहिणीवरून झालेली बाचाबाची हवी, जात हवी. 'धनंजय'सारखा दिवाळी अंक रहस्यकथेला दरवर्षी जागा देत आला आहे, पण या वयाचा वाचक तिथे पाहुणाच. तो 'किशोर'मधून उठतो आणि थेट मोठ्यांच्या कपाटापाशी, नाहीतर मोबाइलपाशी, जाऊन बसतो.

कुणी लिहायला बसलंच, तर सुरुवात पंचनाम्यापासून करावी असं मला वाटतं. पोलीस पाटलाने ठाण्याला कळवलेलं, जमादार आलेला, विहिरीच्या कडेला कागद धरलेला, आणि सही करायला गावातलेच दोन पंच पुढे बोलावलेले. एक त्या चौघांतल्या एकाचा चुलता, दुसरा एकाचा मामा.