०४०२ : आटीव दुधाचा मथळा

१९७५च्या सीमाशुल्क टॅरिफ कायद्याची अनुसूची कुणी आवडीने वाचायला घेत नाही. पण तिच्या चौथ्या प्रकरणातला ०४०२ हा मथळा मी पुन्हा पुन्हा वाचतो तो त्याच्या बांधणीसाठी. आशय एवढाच, की आटवलेले किंवा साखर वा दुसरे काही गोड घातलेले दूध आणि मलई. त्याच्या आधीच्या ०४०१ मध्ये यांपैकी काहीच न झालेले दूध. डबा कुठला, ब्रँड कुठला, याची चौकशी नाही. पाणी उडाले का आणि गोडी आली का, एवढेच विचारायचे. नागपुरात, वखारींच्या लकडगंजात, मिठाईच्या भट्टीवर कढई ढवळणारा कारागीरही दुधाकडे याच नजरेने पाहतो.

मथळ्याच्या पोटात उतरल्यावर प्रश्नांचा क्रम पाहावा. भुकटी किंवा घन रूप असेल तर आधी स्निग्धांश: वजनाच्या दीड टक्क्यापर्यंत की वर? वर असेल तरच साखरेचा प्रश्न. साय काढलेल्या भुकटीला तो विचारलेलाच नाही, आणि हे मौन मला फार बोलके वाटते. उरलेल्या रूपांत स्निग्धांश बाजूला पडतो, केवळ साखर बोलते. म्हणून कंडेन्स्ड मिल्क दोनदा येते, बिनसाखरेचे ०४०२ ९१ १० आणि गोड ०४०२ ९९ २०. ही छाननी कोरडी नाही. दूध भुकटीवर ६० टक्के शुल्क आहे. वर्षाला १० हजार टनांच्या कोट्यात तेच १५ टक्के होते. त्या फरकाआड आपल्या दूध उत्पादकाचा भाव उभा असतो. शिवाय मालासोबत पशुवैद्यकीय दाखला लागतो. दुभत्या जनावराला रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या अवयवांचे वा रक्ताचे खाद्य कधीही दिलेले नाही, असे त्यात लिहून द्यावे लागते. अमेरिकेशी यावरून वर्षानुवर्षे ताणाताण चालली आहे. ही अट मला योग्यच वाटते.

प्रकरणातली सर्वांत करारी जागा मात्र टिपेत आहे. दुधातला नैसर्गिक घटक काढून त्याजागी दुसरा घातला, उदाहरणार्थ दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेलातला, की तो माल या प्रकरणातून बाहेर. १९०१ किंवा २१०६ या मथळ्यात त्याने जावे. खव्यातल्या भेसळीने पोळलेल्या माणसाला या नकाराची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

आता नागपूरची संत्रा बर्फी. खवा, साखर आणि संत्र्याचा गर. दह्याच्या ०४०३ या मथळ्यात फळांना मोकळीक आहे, ०४०२ मध्ये तसा शब्द नाही. तिची सोय लागते एकविसाव्या प्रकरणाच्या भारतीय पूरक टिपेत. तिथे मिष्टान्न, मिठाई, नमकीन, भुजिया, चबेना ही बाजारातली नावे कायद्याने जशीच्या तशी घेतली आहेत आणि घटक कोणतेही असोत, २१०६ ९० ९९ हीच जागा दिली आहे. जीएसटीनेही हीच वर्गवारी उचलली, त्यामुळे बर्फी आणि शेव एकाच मथळ्याखाली नांदतात. ०४०२ दुधावर काय संस्कार झाला हे विचारतो. ही टीप मात्र आत काय आहे हे मुळीच विचारत नाही, लोक त्याला काय म्हणतात यावर विश्वास ठेवते. करकायद्यात लोकांच्या तोंडच्या नावाला इतका मान मिळालेला मी क्वचितच पाहिला आहे.