चाळिशीचा प्रवास आणि वडवणीची वाट

चाळिशी उलटली की ‘एकदा पाहायचेच’ अशा स्थळांची यादी हल्ली अनेक घरांत होते. म्हणून पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) आम्ही पुन्हा वाचले. १९१९ साली जन्मलेले पु. ल. चाळिशीच्या उंबरठ्यावर दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. प्रवास कामातून लाभला. नवलाईची नजर मात्र त्यांची स्वतःची. पुस्तकाचे बळ स्थळांच्या संख्येत नाही. परमुलखात ते स्वतःलाही हसतात, यात आहे.

तरीही वडवणीत बसून वाचताना मन अडखळते. या बीड जिल्ह्यातील असंख्य जोडपी चाळिशीतही दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. प्रवास त्यांनाही कामातूनच लाभतो. पाहण्याची सवड तेवढी लाभत नाही. आपल्या बहुतेक प्रवासवर्णनांनी ही सवड गृहीतच धरली आहे. हा दोष एका पुस्तकाचा नव्हे.

वाचकहो, आपली यादी जरूर करावी. परंतु पोटासाठी वाट तुडवणाऱ्या माणसाने काय पाहिले, हे शब्दांत येईपर्यंत आपले प्रवासवाङ्मय अपुरेच राहील, असे आम्हांस वाटते.