पिठाचा कोंबडा

'डूम' हा खेळ मी आधी ऐकला, पाहिला नंतर. 2020 च्या मार्चमध्ये धाकटा पुण्याहून बेळगावला घरी आला, दोन दिवसांची बॅग घेऊन, आणि मग टाळेबंदीत अडकला तो अडकलाच. माडीवरच्या खोलीतून आवाज यायचे. करवत चालल्याचा, हाडं मोडल्याचा, आणि त्यामागे गिरणीचा पट्टा सुटावा तसलं काहीतरी, ज्याला तो संगीत म्हणायचा. सासूबाईंनी विचारलंही, "वर सुतार आलाय काय गं?"

मी वर जाऊन पाहिलं. पडद्यावर दोन हिरव्या चिलखती हातांनी एका राक्षसाचं शिंग मोडलं आणि तेच त्याच्या डोळ्यात खुपसलं. मी दारातूनच म्हटलं, "असलं काही या घरात चालायचं नाही." त्यानं खेळ थांबवला आणि शांतपणे म्हणाला, "आई, पुस्तक न वाचता परीक्षण लिहिणाऱ्यांवर तू एक अख्खा लेख लिहिलायस. आधी खेळ की, मग बोल."

लेख मी लिहिला होता हे खरं. तेव्हा खेळले. एक महिना खेळणार होते, त्याची आता काही वर्षं झाली. हे त्याचंच परीक्षण.

थोडी माहिती आधी द्यावी लागेल, कारण माझ्या वाचक मैत्रिणींपैकी फार थोड्यांना ती असणार. मूळ 'डूम' अमेरिकेतल्या 'इड सॉफ्टवेअर' या कंपनीनं डिसेंबर 1993 मध्ये काढला. जॉन कार्मॅक आणि जॉन रोमेरो ही त्यातली दोन मोठी नावं. पहिला भाग फुकट वाटला, आवडला तर पुढचे विकत घ्या, असा व्यवहार. त्यात बंदूक आपल्या हातात दिसते आणि जग आपल्या डोळ्यांनी दिसतं. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर खेळ प्रथमपुरुषी आहे. तोच खेळ नव्यानं बांधून 2016 च्या मे महिन्यात आला, आणि त्याचा पुढचा भाग 'डूम इटर्नल' 20 मार्च 2020 ला, म्हणजे आपल्याकडे सगळं बंद होण्याच्या चारपाच दिवस आधी. माझ्या मुलानं तो पहिल्याच दिवशी घेतला होता. मी मात्र 2016 चा आधी खेळले. मालिका मधूनच वाचायची मला सवय नाही.

सुरुवातीला कठीणपणा निवडावा लागतो. सर्वांत सोप्या पायरीचं नाव 'आय ॲम टू यंग टू डाय' असं आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईनं ती निवडावी यात जी काही गंमत आहे ती मुलानं दोन दिवस पुरवली. पहिल्या संध्याकाळी मला इतकं गरगरलं की उलटी व्हायची बाकी राहिली. सुंठेचा तुकडा तोंडात धरून बसले. मग त्यानं दृष्टीचा कोन वाढवून दिला, म्हणजे पडद्यावर आजूबाजूचं जास्त दिसू लागतं, आणि ते गरगरणं थांबलं. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे त्या महिन्यांत संध्याकाळ लांबच लांब असायची. सात ते आठ माझा वेळ ठरला.

कथा थोडक्यात अशी. मंगळावर एक कंपनी आहे, युनियन एरोस्पेस कॉर्पोरेशन. पृथ्वीवरची ऊर्जा संपत आली म्हणून तिनं चक्क नरकाला भोक पाडून तिथली ऊर्जा आणायला सुरुवात केली आहे. त्या वाटेनं राक्षसही आले. नायक एका दगडी शवपेटीत साखळदंडांनी बांधलेला असतो, तो उठतो आणि मारत सुटतो. बस्स. कथा म्हणून यात काही नाही, आणि खेळालाही ते ठाऊक आहे.

पण त्या नायकाचं वागणं पाहा. तो एक अक्षर बोलत नाही. कंपनीचा प्रमुख सॅम्युअल हेडन त्याच्याशी पडद्यावरून बोलायला जातो, तर हा पडदाच ढकलून देतो. पुढे लिफ्टमध्ये हेडन ध्वनिक्षेपकावरून समजावतो, की जे केलं ते मानवजातीच्या भल्यासाठी केलं. त्या वेळी नायकाची नजर, म्हणजे आपली नजर, खाली वळते. तिथे एक प्रेत पडलेलं असतं. त्या बोलण्याला दुसरं उत्तर येत नाही. मग तो मूठ आवळतो. मोठ्या कंपनीच्या तोंडी लोककल्याणाची भाषा आली की काय करावं, हे इतक्या कमी खर्चात सांगितलेलं मी बऱ्याच कादंबऱ्यांतही वाचलेलं नाही. आणि हाच माणूस पुढे व्हेगा नावाच्या यंत्रबुद्धीला नष्ट करायची वेळ येते तेव्हा आधी तिची एक प्रत काढून जपून ठेवतो. म्हणजे हाताला विवेक आहे. तो राक्षसांच्या वाट्याला येत नाही, एवढंच.

आता लढाई. इथे मला मान्य करावं लागतं की रचना फार हुशार आहे. मुलानं सांगितलं की पुष्कळशा बंदुकीच्या खेळांत जखम झाली की भिंतीआड बसायचं, थोड्या वेळानं जीव आपोआप भरून येतो. 'डूम'मध्ये तसं नाही. लपून बसलात की मेलात. आपला जीव कमी झाला की शत्रूच्या अंगावर जायचं. त्याला गोळ्या घालून डळमळीत केलं की तो चमकू लागतो, तेव्हा जवळ जाऊन हातांनी संपवायचं. याला ते 'ग्लोरी किल' म्हणतात. त्यातून जीव वाढवणारे तुकडे सांडतात. गोळ्या संपल्या तर करवत चालवायची, राक्षसाच्या अंगातून गोळ्या सांडतात. पुढच्या भागात आणखी एक भर आहे, आग लावली की चिलखताचे तुकडे.

हे समजलं त्या दिवशी मी हसले. हे तर कोठीघर! तेल संपलं, या डब्यात हात घाल. गूळ संपला, त्या डब्यात. राक्षस म्हणजे चालतेबोलते डबे. त्यामुळे समोर दहा जण उभे असताना सगळ्यांना एकदम मारून चालत नाही. एखादा लहानसा मागे ठेवावा लागतो, अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून. सणाच्या दिवशी तीन शेगड्या पेटलेल्या, दारात पाहुणे आणि पुरणाला चटका बसत आलेला, अशा वेळी मन जसं एकाच वेळी चार ठिकाणी असतं, तसं इथे होतं. मला ते जमू लागलं. मुलाला आश्चर्य वाटलं, मला नाही. तीस वर्षांचा सराव आहे.

संगीताबद्दलही माझं मत बदललं. ते मिक गॉर्डन नावाच्या संगीतकाराचं आहे. ते लढाईबरोबर वाढतं, शेवटचा शत्रू पडला की उतरतं, आणि मग जी शांतता येते ती कानाला जाणवते. वेगळं काढून ऐकलं तर मला अजूनही सोसत नाही. पण खेळताना ते बाहेरून येत नाही. छातीत जे चाललेलं असतं तेच मोठ्यानं ऐकू येतं. (लढाई सुरू झाली की दारं बंद होतात आणि खेळ बजावतो, लॉकडाऊन. एप्रिल 2020 मध्ये या शब्दावर आम्ही दोघं जे हसलो ते सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.)

आणि इथेच माझा खरा प्रश्न सुरू होतो. मला मजा येत होती. साधी नाही, चांगलीच. साडेसहा वाजले की हात शिवशिवायचे.

मुलाचा युक्तिवाद तयार होता. हिंसेचे चार प्रकार लहानपणी पाठशाळेत मीच त्याला शिकवले होते: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. "अंगावर येणाऱ्याला मारणं ही विरोधी हिंसा. गृहस्थाला ती चालते. शिवाय हे जीव नाहीतच आई, नुसती चित्रं आहेत." मुद्दा बिनतोड वाटतो. पण आमच्याच परंपरेत याच्यावर एक गोष्ट आहे, आणि ती बेळगावच्या कुठल्याही जैन घरात सांगावी लागत नाही. किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची, आणि जन्नाचं कन्नड 'यशोधरचरित' 1209 चं. राजा यशोधराला आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. तो जिवंत प्राणी मारायला नकार देतो. शेवटी तडजोड होते, पिठाचा कोंबडा करून तो कापायचा. पीठच ते. जीव नाही, रक्त नाही. तरी आईला आणि मुलाला त्या एका घावापायी जन्मामागून जन्म घ्यावे लागले, मोराचा, कुत्र्याचा आणि पुढे कितीतरी. गिरीश कार्नाडांनी याच कथेवरून 'हिट्टिन हुंज' हे नाटक लिहिलं. 'डूम'मधला राक्षस हा पिठाचा कोंबडाच आहे, फक्त पीठ फार महाग आहे.

म्हणून प्रश्न समोरचा जिवंत आहे की नाही हा नाही. आपल्या शास्त्रात रौद्रध्यानाचा एक प्रकार सांगितला आहे, हिंसानंद. मारण्याचा आनंद. हा खेळ त्या आनंदाचा इतका बारीक अभ्यास करून बांधला आहे, की त्याला दुसरं नाव देणं अप्रामाणिकपणाचं होईल. मारलंस तर जगशील, हा त्याचा नियम. मारणं आणि जेवणं त्यानं एक करून टाकलं आहे.

नरकाच्या चित्रणाबद्दल मात्र मला तक्रार आहे, आणि ती कलेची आहे. तप्त लाव्हा, कवट्या, शिंगं, पंचकोनी तारे. दिसायला भव्य, पण दोन तासांत सवयीचं होतं. आमच्या तत्त्वार्थसूत्राच्या तिसऱ्या अध्यायातला नरक यापेक्षा किती तरी भयानक आहे. तिथले नारकी जन्मतःच पूर्ण वाढलेले असतात. खेळातही राक्षस तसेच, एक झगमगाट होतो आणि अख्खा राक्षस उभा. नारकींचे तुकडे केले तरी ते पाऱ्यासारखे पुन्हा जुळून येतात, कारण आयुष्य संपेपर्यंत त्यांना मरण नाही. आपण मेलो आणि डाव पुन्हा सुरू झाला की खेळातही सगळे परत उभे. इथवर जुळतं. पण नारकी हा दुःखी जीव आहे. तो कधी तरी माणूस होता, पुन्हा होईल. 'डूम'च्या राक्षसाला मागचा जन्मच नाही. तो फक्त येतो.

नाही म्हणायला, सुरुवातीला जे झपाटलेले चालत येतात ते त्याच कंपनीचे कर्मचारी असतात. काल कामावर होते. खेळ हे सांगतो आणि पुढे जातो. 'इटर्नल'मध्ये तर एक कारखानाच आहे, तिथे माणसांचे आत्मे पिळून ती ऊर्जा काढतात. धाकटा तो भाग खेळत असताना मी शेजारी बसून पाहिला. नायक धावत पुढे निघून गेला. मी म्हटलं, "थांब की, त्यांना सोडव." तो म्हणाला, "तसं बटणच नाहीये." या एका वाक्यावर माझा सगळा आक्षेप उभा आहे. बंदुका आठ-नऊ दिल्या, आणि थांबायला एक बटण नाही.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट येते. पहिल्या तीन नरकांत असुरकुमार देव जातात, नारकींना एकमेकांवर चिथावतात आणि ती झुंज पाहून सुखावतात. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं, गरज काही नसते, ते नुसते करमणुकीला येतात. 1993 च्या 'डूम'मध्ये एका राक्षसाचा मारा दुसऱ्याला लागला की ते आपसात भांडतात, आणि खेळणारा बाजूला उभा राहून गोळ्या वाचवतो. मुलानं मला हे मोठ्या कौतुकानं दाखवलं. मी दाखवल्याप्रमाणे केलं. जमलं, टाळी दिली. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की या खेळात मी कोण आहे. तो हिरवा चिलखतवाला नव्हे.

त्या भाद्रपदात दशलक्षणाचे दहा दिवस मी खेळले नाही. क्षमावाणीला मुलाची क्षमा मागितली, न पाहता बोलले म्हणून. तो म्हणाला, "आणि राक्षसांची?" मी म्हटलं, "त्यांचं माझं बघू."

'इटर्नल'बद्दल थोडंच लिहिते. पुष्कळांना तो जास्त आवडतो. वेग वाढला आहे, उड्या वाढल्या आहेत, हवेतल्या हवेत झेपावता येतं. पण तो फार शिकवतो. हा राक्षस आला तर तोंडात बाँब टाक, त्याची ही तोफ आधी उडव. दर वेळी खेळ थांबवून पाटी समोर येते. पहिल्या खेळात कसं लढायचं ते मी शोधलं होतं, इथे मी पाठांतर म्हणून दाखवते. एक चांगला विनोद त्यात आहे. कंपनीची जाहिरात लोकांना सांगते की त्यांना राक्षस म्हणू नका, तो शब्द अपमानकारक आहे. तेवढं सोडलं तर पहिल्याचा तो कोरडा उपरोध इथे गडबडीत हरवतो.

मॅरॉडर नावाचा एक शत्रू येतो. ढाल आणि कुऱ्हाड घेतलेला, एकटा. फार लांब गेलात तर तो मारतो, फार जवळ गेलात तरी मारतो. मधल्या अंतरावर थांबून, त्याचे डोळे हिरवे चमकण्याची वाट पाहायची आणि तेवढ्या क्षणातच गोळी घालायची. अख्ख्या खेळात थांबायला सांगणारा हा एकच. लोक त्याच्यावर फार चिडतात म्हणे. मला तो आवडतो. पण जमत मात्र नाही. माझा 'इटर्नल' अजून तिथेच अडला आहे, आणि धाकटा सुट्टीला आला की विचारतो, "गेला का गं तो?" मी म्हणते, नाही, उभा आहे.